412 नंबरची ओळ

चि. नितीन यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू निघालास तेव्हा मी दारापर्यंत आले नाही. गुडघे दुखत होते हे खरं, पण रागही होता. आता तो उतरलाय म्हणून लिहितेय. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि विषय संपतो.

शेजारचे काका मुखत्यारपत्र घेऊन आले. तू बॅगेतून नोटरीचा शिक्का काढलास आणि तिथंच टेबलावर ठसा मारलास. नोंदींचं रजिस्टर मात्र तुझ्या ऑफिसात. "शेवटचा 411 होता," असं पुटपुटत तू कागदावर 412 घातलास आणि मला म्हणालास, नोंद उद्या करतो. काकूंची सही आधीच झालेली होती, त्या स्वतः आल्याच नव्हत्या. "काकूंना मी लहानपणापासून ओळखतो गं." अरे, ओळखतोस, पण सही करताना पाहिलंस का? आपलं घर तुझ्या प्रमाणपत्रातल्या क्षेत्रात येतं, हेही ऐकवलंस. मी ते विचारलंच नव्हतं.

असो. पुन्हा तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलेय. केलीस ना नोंद?

एकोणीस वर्षं ह्यांचं नोटरीचं रजिस्टर मी लिहिलं. ह्यांचं अक्षर ह्यांना स्वतःलाच लागायचं नाही. नवं रजिस्टर आलं की मी पानं मोजायची, हे पुन्हा मोजायचे, मग पहिल्या पानावर "यात इतकी पानं आहेत" असं लिहून सही आणि तारीख घालायचे. त्याशिवाय पहिली ओळ नाही. जानेवारीचा पहिला आठवडा आला की मागच्या वर्षाचं विवरणपत्र सरकारला पाठवायचं असायचं. प्रतिज्ञापत्रं किती, मुखत्यारपत्रं किती. तू शेजारी बसून मोठ्यानं बेरजा करायचास आणि मुद्दाम चुकवायचास. हे खवळायचे, मग हसायचे.

एकदा तपासणी झाली. वर्षातून दोनदापेक्षा जास्त करता येत नाही, असं सांगून हे आदल्या रात्री मला धीर देत होते, खरं तर स्वतःलाच. त्या साहेबांनी बाकीचे रकाने नीट पाहिलेसुद्धा नाहीत. पक्षकारांच्या सह्यांच्या रकान्यावरून बोट फिरवत वरून खाली गेले, पान उलटलं, पुन्हा वरून खाली. मी आतल्या खोलीत दाराशी उभी होते. ते बोट मला अजून दिसतं.

आत्याच्या जमिनीचं प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे. दादाकाका तेव्हा बाहेरगावी होते, पुढच्या आठवड्यात येऊन सही करणार होते. कागदावर सही आलेली होती, रजिस्टरात राहिली होती. घरचाच माणूस म्हणून ह्यांनी शिक्का दिला. ओळ मी लिहिली. तारीख, नाव, पत्ता, तिकीट, फी, सगळं. सहीच्या चौकटीत पेन्सिलीनं एक ठिपका ठेवला, म्हणजे इथं सही घ्यायची आहे. दादाकाका आलेच नाहीत. पुढं दावा लागला तेव्हा म्हणाले, मी तो कागद पाहिलेलाच नाही. न्यायालयानं रजिस्टर मागवलं. उलटतपासणीत वकिलांनी ह्यांना विचारलं, हा ठिपका कसला? हे म्हणाले, "माझी चूक." घरी आल्यावर वही कपाटात ठेवली आणि रात्रभर बोलले नाहीत. ठिपका माझा होता, नितीन. ह्यांनी तो कधी काढला नाही, ना वहीतला, ना बोलण्यातला.

तूच मला समजावलं होतंस की नोटरीसमोर झालेलं मुखत्यारपत्र न्यायालय खरं धरून चालतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 85 होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं 84. मग त्यातलं "नोटरीसमोर" रविवारी कुठं गेलं होतं? आणि ऑफिसातल्या त्या मुलीनं शनिवारचा राहिलेला कागद 412 वर चढवला असेल तर? एका नंबरचे दोन कागद होतील. मग खाडाखोड, मग व्हाइटनर, मग...

बघ, सुरू झाले. दहा वर्षं वकिली केल्यावर तुला हे प्रमाणपत्र मिळालंय, मला कळतं. दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण करायचं असतं, तेही माझ्या सांगण्यावाचून तुझ्या लक्षात राहील. रागावू नकोस. खरं सांगू? शनिवारी रात्री तू झोपल्यावर मी तुझा शिक्का काढून टेपनं मोजला. बरोबर पाच सेंटिमीटर. तुझं नाव उलटं कोरलेलं असतं, ते आरशासमोर धरून वाचलं. हे असते तर त्यांनीही तेच केलं असतं.

आणखी एक, तुला न विचारता केलंय. काल शेजारी जाऊन आले. कागद अजून त्यांच्या कपाटातच आहे, कुठं दिलेला नाही. काकूंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नितीनला त्रास नको, बुधवारी मी स्वतः ऑफिसात येऊन पुन्हा सही करते. काका थोडे नाराज झाले, होऊ देत. तो रविवारचा कागद परत घे आणि नवा कागद बुधवारच्या तारखेनं, बुधवारच्या नंबरावर कर. 412 ची ओळ तोवर मोकळी असेल तर... तुला कळतं. मी नाही सांगत.

ह्यांनी आणून ठेवलेलं एक कोरं रजिस्टर कपाटात सापडलं. काकूंबरोबर पाठवतेय. पहिल्या पानावर काही लिहिलेलं नाही. 96 वं पान वाळवीनं खाल्लंय, मोजताना पाहा.

तुझी,
आई