घर विकायचं आहे, पण भाव कुणाचा धरायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लातुरात जागेला सोन्याचा भाव आहे, असं मी गेली सव्वादोन वर्षं ऐकतो आहे. सांगणाऱ्यांपैकी एकालाही माझं घर विकत घ्यायचं नाही.

औसा रोडच्या आतल्या बाजूला 1,200 चौरस फुटांच्या प्लॉटवर माझं घर आहे. जिल्हा परिषद शाळेतली नोकरी, सोसायटीचं कर्ज आणि भूकंपाची धास्ती, यांतून ते उभं राहिलं. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर आमच्याकडं दगडमातीची भिंत उशाशी कुणाला नको होती. ऐपतीपेक्षा जास्त कर्ज काढून मी 1996 मध्ये कॉलमचं घर बांधलं. आता मुलं पुण्याला, सौभाग्यवतींचे गुडघे गेलेले. विकून लेकाजवळ जावं, असं 2023 च्या दिवाळीत ठरवलं. अजून इथंच आहोत.

पहिली चूक माझीच. मागच्या गल्लीतलं एक घर 55 लाखांना गेलं, असं जो तो सांगत होता. मी म्हटलं, आपलं 52 ला जायला काय हरकत आहे? कुणी 45 म्हणालं की मला अपमान केल्यासारखं वाटायचं. पुढं कळलं की ते घर कोपऱ्यावरचं होतं, 1,800 फुटांचं होतं आणि 55 हा आकडा विकणाऱ्यानं सांगितलेला होता. घेणारा 47 सांगतो. खरेदीखतावर काय लिहिलंय, ते त्या दोघांनाच ठाऊक. आपण आपल्या घराला आठवणींसकट भाव लावतो आणि समोरचा फुटाचा दर विचारतो. पहिल्या चार महिन्यांत आलेली तीन चांगली गिऱ्हाइकं मी अशीच घालवली.

मग चार एजंटांना सांगितलं, तेही चुकलंच. चौघांनी तेच फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर चार वेगवेगळ्या किमतींनी टाकले. सहा महिन्यांनी स्टँडवर भेटलेला एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, तुमचं घर अजून गेलं नाही? काही भानगड आहे का?" भानगड काही नाही. दार दक्षिणेला आहे, एवढंच. त्या दारावरून सात माणसं परत गेली. त्यांतली दोन तर माझ्याच शाळेतली शिक्षक होती.

बघायला आलेल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्या शहराची गोष्ट त्यातच आहे. लातूरला घर घेणाऱ्या अनेकांच्या डोक्यात आता राहणं नसतं, क्लासचं लेकरू असतं. नांदेड, बीड, परभणीहून नीटच्या तयारीला आलेली मुलं खोल्या शोधत फिरतात. त्यामुळं आठ खोल्या, आठ कुलपं आणि चार संडास असलेली इमारत लोकांना हवी असते. मधलं अंगण आणि मोठं स्वयंपाकघर असलेलं घर म्हणजे वाया घालवलेली जागा. एकानं तर आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. रस्त्यावरूनच टेपनं समोरची बाजू मोजली आणि म्हणाला, "बांधकाम धरू नका गुरुजी, पाडायलाच खर्च येईल." ज्या कॉलमसाठी मी पंधरा वर्षं हप्ते फेडले, त्यांची किंमत उणे झाली.

बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा पाण्याचं विचारतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. बोअर चालू करून दाखवावी लागते, तीही उन्हाळ्यात.

चाकूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला घर मनापासून आवडलं होतं. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मागणी होती. तो म्हणाला, "एवढं वरीस जाऊ द्या गुरुजी, पुढच्या राशीवर करू." पुढच्या वर्षी, 2025 च्या सप्टेंबरात, पावसानं सोयाबीन शेतातच कुजवलं. त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही, काय तोंडानं करणार?

नोकरीवाला एक तरुण 40 लाखांपर्यंत आला. आम्ही इसारपावतीचा दिवससुद्धा बघितला. मग बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. माडीवरची खोली नकाशात नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही (नगरपालिकेच्या काळात असा दाखला घ्यायचा असतो, हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक होतं?), बांधकाम जुनं. त्यानं किंमत काढली 34 लाख. बँक त्याच्या 80 टक्के द्यायला तयार, म्हणजे 27 लाख 20 हजार. उरलेले पावणेतेरा लाख, वर मुद्रांक शुल्क. पोराचा चेहरा उतरला. मीच त्याला म्हटलं, राहू दे बाबा.

अखेर एकजण 36 वर आला आणि मीही मनाची तयारी केली. पण सरकारी मूल्यांकन निघालं 42 लाख! आता गंमत पहा. मुद्रांक शुल्क 36 वर नाही, 42 वर. प्राप्तिकराच्या हिशेबात सरकारी मूल्य खऱ्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं, तर मला 42 लाखच मिळाले असं धरून भांडवली नफा काढणार. घेणाऱ्याला मधले 6 लाख हे उत्पन्न समजून कर लावणार. जे पैसे मी पाहिले नाहीत त्यांच्यावर मी कर भरायचा आणि जे त्याला कुणी दिले नाहीत त्यांच्यावर त्यानं. चौथीच्या वर्गाला आयुष्यभर नफा-तोटा शिकवला, पण असं उदाहरण कधी घातलं नाही. रास्त मूल्य ठरवण्यासाठी मूल्यांकन अधिकाऱ्याकडं प्रकरण पाठवा, अशी मागणी करण्याची सोय कायद्यात आहे. पण गिऱ्हाईक काही त्या निकालापर्यंत थांबत नसतं. तेही गेलं.

हे सरकारी मूल्यांकन ज्यावरून काढतात, ते रेडी रेकनरचे दर 1 एप्रिलला ठरतात. 2023 आणि 2024 ला ते जैसे थे ठेवले, 2025 ला वाढवले. बाजार बसला म्हणून आमच्या गल्लीचा दर खाली आलेला मी पाहिलेला नाही. रुंद रस्त्यालगतचं घर आणि माझ्या बोळातलं घर एकाच दरात बसवलंय. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. बोळातल्या जागेला काय मिळतं?

मंदीत दिलासा देता येत नाही, असंही नाही. करोनाच्या काळात, 12 नोव्हेंबर 2020 ते 30 जून 2021 या मुदतीत, सरकारी मूल्य आणि खरी किंमत यांतल्या फरकाला असलेली हीच दहा टक्क्यांची सूट केंद्रानं वीस टक्के केली होती. पण ती फक्त बिल्डरकडून पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या, 2 कोटींपर्यंतच्या नव्या घरांना. बिल्डरचं घर पडून राहिलं तर ती मंदी, आणि मास्तराचं पडून राहिलं तर त्याची हौस! जुन्या घरांनाही वीस टक्के सूट द्यावी, हे माझं पहिलं मागणं.

दुसरं मागणं राज्य सरकारकडं. येत्या 1 एप्रिलचे दर ठरवण्याआधी प्रत्येक विभागात प्रत्यक्ष किती व्यवहार झाले आणि कितीला झाले, ते दर महिन्याला छापावं. नावं नकोत. विभाग, क्षेत्रफळ, किंमत, महिना एवढं पुरे. नोंदणी कार्यालयाकडं सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात, हे सगळं असतंच. आज ते एकेक मिळकत क्रमांक घालून शोधावं लागतं. खतावरचा आकडाही पुष्कळदा रेकनरला टेकवलेला असतो, हे मला ठाऊक आहे. एजंटाचा पहिला प्रश्नच असतो, "चेकचे किती, वरचे किती?" घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून बंदी आहे, हे सांगितलं की तो माझ्याकडं दयेनं बघतो. तरीही, 55 की 47 हे मला 2023 लाच कळलं असतं तर मी 52 धरून बसलो नसतो.

गेल्या आठवड्यात आणखी एक कुटुंब घर बघून गेलं. दक्षिणेचं दार त्यांना चालतं. 37 म्हणालेत, पौष संपला की कळवतो म्हणालेत. 37 वर दहा टक्के धरले तर 40 लाख 70 हजार होतात आणि मूल्यांकन आहे 42 चं. म्हणजे 1 लाख 30 हजारांनी अडकलं आहे. ते 38 लाख 20 हजारांवर आले, तर दोघंही सुटू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लातूर