इस्त्रीवाल्या मावशींना, दोन हात सावलीबद्दल

मावशी, रामराम.

हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाइलवर पाठवतेय, ती वाचून दाखवेल. नाव घालू का म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, "नको बाई, उगाच लोक बघायला येतील." म्हणून नुसतं मावशी. हे इतरांनीही वाचावं असं मात्र मला वाटतंय. त्यातल्या काहींनी तर जरूर वाचावं.

आमचं गाव सासवडच्या पुढं, पुरंदर तालुक्यात. वीस गुंठ्यांत ऐंशी अंजिरं, एवढाच आमचा बारदाना. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. आमच्या मालकांना केवढा आनंद! आता माल कुठंही विकता येणार. पण कुठंही म्हणजे नेमकं कुठं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

अंजीर म्हणजे हट्टी पोर. उजाडायच्या आत तोडायचं, देठाचा चीक बोटांवर घ्यायचा, खाली अंजिराचाच पाला अंथरून ते अलगद ठेवायचं. सकाळी टणक दिसणारं फळ दुपारी उन्हात अंग टाकतं. उद्या विकू म्हणायची सोयच नाही. हे आडत्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. सकाळी म्हणायचा थांबा, जरा गिऱ्हाईक येऊ द्या. अकराला म्हणायचा, माल मऊ पडला हो. मग हिशेबाची पट्टी हातात यायची, त्यात हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा जाऊन जे उरायचं ते मालक घडी करून खिशात ठेवायचे, मला दाखवायचे नाहीत.

म्हणून यंदा मीठ्या बहाराला, म्हणजे उन्हाळ्यात येणाऱ्या फळाला, मी म्हटलं, मीच जाते पुण्याला.

पहिल्या रविवारचं तुम्हाला सगळं माहीत नाही, सांगते. समोरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सदतीस बॉक्सची मागणी आली होती. 'थेट शेतकऱ्याकडून', 'वा ताई', किती ते अंगठे! दिवे घाट उतरून आठला गेटवर पोचले. गाडी आत सोडेनात. सेक्रेटरी साहेब फोनवर म्हणाले, परवानगीचा मेल करा, मीटिंगमध्ये ठेवू. अहो, मीटिंगपर्यंत अंजीर थांबतंय होय? गेटबाहेर उभी राहिले तर वॉचमननं दोनदा हटवलं. त्या बिचाऱ्याचा राग नाही, त्याला वरून दम होता. सदतीसातले चौदा बॉक्स गेले. बाकीच्यांचं 'अगं आम्ही बाहेर आलोय', 'नेक्स्ट संडे नक्की'. एका बाईंनी माझे हात बघितले, चिकानं चिरलेली, काळी पडलेली बोटं, आणि उचललेला बॉक्स परत ठेवला.

साडेअकराला रस्ता ओलांडून तुमच्या झाडाखाली आले. सावली होती ती तुमच्या टेबलापुरतीच. मी कडेला उन्हात टोपल्या ठेवल्या आणि ओढणीनं झाकत बसले. तुम्ही काही विचारलं नाहीत. हातातला शर्ट पुरा केलात, इस्त्री विटेवर उभी केलीत आणि म्हणालात, "धर गं ते टोक."

टेबल दोन हात सरकवलंत. माझ्या टोपल्या सावलीत आल्या आणि तुमची पाठ उन्हात गेली.

मार्चातलं ऊन, समोर कोळशाची इस्त्री. मी नको नको म्हणाले तर तुम्ही म्हणालात, "मला काय होतंय? मी वाळलेलीच आहे. फळाला लागतं." आणि पुढचा शर्ट घेतलात. त्यानंतर किती तरी वेळ मला तुमच्याकडं बघवेना. तुमच्या मनगटावरचा जुना चटक्याचा डाग तेवढा दिसत राहिला.

कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एकच वाक्य ऐकवत होतात, "सकाळी तोडलंय, सासवडचं आहे." एक साहेब साठाचा बॉक्स चाळीसला मागत होते, त्यांना तुम्ही त्यांच्याच पॅन्टची घडी घालता घालता म्हणालात, "साहेब, पंधरा दिवसांचे इस्त्रीचे पैसे राहिलेत तेवढे आधी बघा." त्यांनी दोन बॉक्स घेतले, पुऱ्या पैशात! घाट चढताना मी एकटीच हसत होते.

दीडपर्यंत टोपल्या रिकाम्या. तुम्हाला बॉक्स द्यायला गेले तर घेतला नाहीत. "ते तडकलेलं दे, तेच गोड असतं," म्हणालात. तडकलेलं गोड असतं हे आम्हाला माहीत, शहरात हे कुणाला माहीत असतं? मग कळलं, तुमचं माहेर बारामतीकडचं, बांधावर अंजीर होतं.

पुढचे रविवार काही सगळेच चांगले गेले नाहीत. एप्रिलात अवकाळी आला, एका रात्रीत फळं फुटली, वास उठला, गांधीलमाश्या घोंगावायला लागल्या. तेव्हा दोन रविवार मी आलेच नाही, फोनही केला नाही. काय तोंडानं करणार? तिसऱ्या खेपेला आले तर माझ्या जागेवर दोन विटा. तुम्ही ठेवलेल्या. शेजारी भेळवाला गाडी लावायला बघत होता, त्याला तुम्ही सांगितलं होतंत, "माझ्या भाचीची जागा आहे."

माणुसकी हा शब्द आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर दर महिन्याला दिसतो, खाली चौदा फोटो. तुमचा फोटो कुठं लागणार नाही आणि तुम्ही लावूही देणार नाही. मी यंदा सोसायटीला मेल केलेला नाही, ते सेक्रेटरी साहेबांना कुणी कळवलं तर बरं होईल.

ज्वारीचा हुरडा आणि घरचा घेवडा मालक गुरुवारी—नाही, हुरड्याचे दिवस गेले, विसरलेच. घेवडाच पाठवते. डबा परत करायची घाई नको.

पलीकडच्या तीस झाडांवर खट्टा बहार धरतोय. फळ थंडीत येईल. तोवर त्या दोन विटा तेवढ्या कुणाला उचलू देऊ नका.

तुमची,
अंजीरवाली