काका, त्या एका उत्तरासाठी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठं घालू नका," असं निघताना तुम्ही दारात दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं काका लिहिते. पत्र मात्र चारचौघांत लिहायचं ठरवलं. आई २००४ साली निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात तासभर भाषणं झाली. वरिष्ठांची, सहकाऱ्यांची, अव्वल कारकुनांचीसुद्धा नावं आली. लातूरच्या सात वर्षांत तिची जीप चालवणाऱ्या माणसाचं नाव कुणाच्या तोंडून आलं नाही. तुम्ही रजा काढून आला होतात, मागच्या भिंतीपाशी उभे होतात. मी खुर्ची आणून दिली तरी बसला नाहीत. त्या दिवशी राहून गेलेलं आज करते आहे.

आई गेली त्याला आता वर्ष होईल. तुमच्या आधी भेटायला आलेले सगळे तिच्याबद्दल चांगलंच बोलत होते. कर्तव्यदक्ष, शिस्तीच्या, निर्भीड. ऐकताना वाटायचं, हे सगळं खरं असेल, पण यात आमची आई कुठे आहे? मग तुम्ही आलात. पिशवीतून खिशात मावतील अशा चार वह्या काढल्यात, टेबलावर ठेवल्यात आणि म्हणालात, "मॅडमचे सात वर्षांचे किलोमीटर आहेत यात. तुमच्याकडं असू द्या."

सरकारी गाडीचं लॉगबुक कचेरीत जमा होतं. डिझेलचा हिशेब ऑडिटमध्ये अडला तर ड्रायव्हरला विचारतात, म्हणून तुम्ही स्वतःपुरती वेगळी नोंद ठेवत होतात. तारीख, निघतानाचं रीडिंग, कुठून कुठे, परतल्याचं रीडिंग, वेळ. एवढंच. त्या आकड्यांवर बोट ठेवत ठेवत तुम्ही तीन तास आम्हाला आई सांगितलीत.

रोजगार हमीच्या कामावर जीप थांबली की ती आधी हजेरीचं मस्टर मागायची नाही, हे तुम्ही सांगितलंत. आधी ती सावली शोधायची. हमीच्या कायद्यात कामावर पिण्याचं पाणी, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी सावलीची, सांभाळण्याची सोय सांगितलेली आहे; कागदावर ती सगळीकडे होतीच. आई थेट पोरं कुठे झोपवली आहेत ते बघायला जायची. १९७२ च्या दुष्काळात ती नोकरीत नवी होती. खडी फोडणाऱ्या बायकांची तान्ही बाळं उन्हात दगडांच्या आडोशाला ठेवलेली तिनं पाहिली होती, आणि ते ती तुमच्याशी जीपमध्ये बोलली होती. आमच्याशी कधीच बोलली नव्हती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

वारसनोंदीच्या अपिलांचंही तुम्ही सांगितलंत. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क देणारा कायदा केला. देशभर तसा कायदा यायला २००५ उजाडलं. १९९४ च्या त्या कायद्यानंतर बहिणींची हक्कसोडपत्रं घेऊन येणारे भाऊ वाढले. आई सुनावणीत त्या बहिणीला एकटीला थांबवून घ्यायची आणि एकच विचारायची, "हे तुला कुणी वाचून दाखवलंय का?" तुम्ही म्हणालात की बऱ्याच जणी त्यावर काहीच बोलायच्या नाहीत, नुसत्या भावाच्या दिशेनं बघायच्या. आणि परतीच्या वाटेवर आई पण काही बोलायची नाही.

काका, आता माझं सांगते. तुमच्यासमोर ते मला बोलता आलं नाही.

१९९३ साली मी नववीत होते. आम्ही दोघी बहिणी आजीजवळ राहून शिकत होतो. आई दोन-तीन आठवड्यांनी यायची. त्या ऑक्टोबरात ती पाच आठवडे आली नाही. किल्लारीचा भूकंप आम्ही वर्तमानपत्रात वाचला होता, शाळेत मदतफेरीतही गेलो होतो. पण मला तापानं घेरलं होतं, सहामाही बुडाली होती, आणि एका रात्री कसाबसा तिचा फोन लागला तेव्हा मी म्हणाले, "तुला तिकडचीच मुलं जवळची." पलीकडून काही आवाज आला नाही. मग फोन कट झाला. लाइन गेली की तिनं ठेवला, ते मला आजपर्यंत माहीत नाही. तीस वर्षं मी ते वाक्य बाळगलं, आणि खरं सांगायचं तर तिच्यावरचा रागही बाळगला.

तुमची तिसरी वही मी त्या महिन्यापाशी उघडली. ३० सप्टेंबर: भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, आणि उजाडायच्या आत तुमची जीप लातूरहून निघालेली आहे. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. आदली रात्र अनंत चतुर्दशीची, विसर्जनं आटोपून माणसं उशिरा आणि गाढ झोपलेली. घरं जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचं जड माळवद. ती घरं उन्हाळ्यात गार राहतात म्हणून नावाजलेली, आणि तीच अंगावर आली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ८ हजारांच्या जवळ जातो.

वहीत मात्र यातलं काहीच नाही. १ ऑक्टोबरपासून पुढे कित्येक दिवस निघतानाचं आणि परतल्याचं रीडिंग एकच आहे. मला वाटलं, तुम्ही नोंद करायला विसरलात. तुम्ही म्हणालात, "गाडी हललीच नाही, ताई. दिव्यासाठी उभी होती." वीज नव्हती, पाऊस थांबत नव्हता. ओळख पटलेल्यांची नावं लिहून घ्यायला आई जीपच्या हेडलाइटपुढे टेबल मांडून बसली होती. बॅटरी उतरली की तुम्ही लष्कराच्या ट्रकवाल्यांकडून दुसरी मागून आणायचात. चौथ्या रात्री नावं सांगणारं एकही मोठं माणूस उरलं नाही अशा घरातली एक मुलगी आली, माझ्याच वयाची. तिनं आठ नावं सांगितली. आईनं लिहिली, पेन खाली ठेवलं आणि तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर झोपवलं. तुम्ही बाहेर पावसात उभे राहिलात. माझा फोन त्याच आठवड्यातला. तारखा जुळवून पाहिल्या मी.

आणि मग तुम्ही तो प्रश्न सांगितलात.

आदल्या वर्षीपासूनच किल्लारीच्या भागात जमिनीतून आवाज यायचे. १८ ऑक्टोबर १९९२ ला चांगला धक्का बसला होता, लोक काही काळ घराबाहेर झोपायला लागले होते. पण दख्खनचं पठार स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, असंच तेव्हा बहुतेक जाणकार धरून चालले होते. आई त्या दिवसांत एका गावात लोकांची समजूत काढायला गेली होती. भूकंपानंतर महिनाभरानं, रात्री परतताना तिनं तुम्हाला विचारलं, "त्या वेळी मी लोकांना घरात झोपा असं म्हणाले नव्हते ना?"

तुम्ही म्हणालात, "नाही मॅडम. तुम्ही बाहेरच झोपा म्हणला होता."

तिनं तुम्हाला हे पुन्हा विचारलं. पुनर्वसनाच्या कामात विचारलं, बदली होऊन निघताना विचारलं. निवृत्तीनंतर तुम्ही भेटायला आलात तेव्हा, आम्ही आतल्या खोलीत असताना, पुन्हा विचारलं. दर वेळी तुम्ही तेच उत्तर दिलंत, त्याच शब्दांत.

हे सांगून झाल्यावर तुम्ही वह्यांकडे बघत म्हणालात, "मी त्या दिवशी गाडीतच होतो, ताई. सभा देवळात होती. मला काहीच ऐकू आलं नव्हतं."

काका, मी तेव्हा उठून आत गेले, ते तुम्हाला वाईट वाटलं असेल. मला रडायचं होतं म्हणून गेले. तुम्ही खोटं बोललात असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तिनं तिथे काय सांगितलं हे कळायला आता मार्ग नाही, आणि मला तो शोधायचाही नाही. पण हा प्रश्न घेऊन ती अकरा वर्षं कचेरीत गेली, नंतर वीस वर्षं घरात वावरली, आणि प्रत्येक वेळी तिला उत्तर द्यायला कुणीतरी होतं. ते आम्ही नव्हतो. ते तुम्ही होतात. मला आभार मानायचे आहेत ते याचे.

घरातल्या कितीतरी गोष्टींचा आता उलगडा होतो. आई रात्री कुठल्याच खोलीला कडी लावू द्यायची नाही. उशाशी टॉर्च, पलंगाखाली चपला, दाराशी कागदपत्रांची पिशवी. आम्ही त्याला तिच्या शिस्तीचा भाग समजत होतो. माझी लेक लहानपणी आजीकडे झोपायला गेली की तो टॉर्च घेऊन पांघरुणात खेळायची. आजी सगळं करू द्यायची, फक्त झोपण्याआधी तो टॉर्च जागेवर परत हवा असायचा.

नातीसाठी ती वेगळीच होती, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तिच्याकडे काही मागायचं तर अर्ज लिहावा लागे. तारीख, विषय, खाली सही. आजी चष्मा लावून अर्ज वाचायची आणि हिरव्या शाईनं शेरा मारायची: 'मंजूर', किंवा 'कारण पुरेसे नाही, पुन्हा अर्ज करावा'. पुन्हा केलेला अर्ज तिनं एकदाही फेटाळला नाही. सातबारा कसा वाचायचा, गावनकाशावर गटनंबर कसा शोधायचा, हे माझ्या लेकीला दहाव्या वर्षी येत होतं. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या मानानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. त्या गावांचे आराखडे आजीनं तिला कागदावर काढून दाखवले होते. नव्या गावात रस्ते रुंद आणि सरळ झाले, पण जुनी शेजारीण चार ओळी पलीकडे गेली, याचं आजीला फार लागलं होतं. लेक म्हणते, आजी दर वेळी चित्रात दोन घरं जवळजवळ काढायची.

आता तीच लेक तुमच्या वह्या संगणकावर उतरवते आहे. पहिली झाली, दुसरी अर्ध्यात आहे. सतरा ठिकाणी तिला तुमचं अक्षर लागत नाही. गावांची नावं तुम्ही पहिल्या एका अक्षरावर भागवली आहेत. यादी करून ठेवली आहे तिनं. तुम्हाला गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही हे ठाऊक आहे, म्हणून पुढच्या महिन्यात आम्ही दोघीच वह्या घेऊन तुमच्याकडे येतो. तसा रीतसर अर्ज तिनं लिहिला आहे, तो पत्रासोबत जोडते. शेरा तुम्ही मारायचा आहे.

तुमच्या मॅडमची धाकटी मुलगी