वरच्या खोलीतल्या इंटर्नबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वरची खोली मेडिकलच्या इंटर्न मुलीला द्यावी का, आणि पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर काय, असं बाबांनी विचारलंय. खोली द्या. साथ आली तरी तिला काढू नका. २०२०मध्ये डॉक्टर-नर्सना घराबाहेर काढायचे प्रकार झाले, तेव्हा एप्रिलमध्ये अध्यादेश काढून आरोग्यसेवकांचं राहणं अवघड करणारा छळसुद्धा गुन्हा ठरवावा लागला. आपल्या घरावर ती वेळ नको.

विषाणू कसा पसरतो हे या मुलांना पाठ असतं. चूक होते ती बहुतेकदा ड्युटी संपताना, पीपीई म्हणजे संसर्गापासून वाचवणारा हातमोजे-गाऊन-गॉगल-मास्कचा संच उतरवताना. मे महिन्याच्या उकाड्यात कित्येक तास पाणी न पिता घामानं निथळलेलं माणूस आधी तोंडावरचा मास्क ओढून काढतं, आणि तिथंच गडबड होते. खरा क्रम असा: आधी हातमोजे, कारण सगळ्यात घाण तेच. मग हात निर्जंतुक करायचे. गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढायचा. गॉगल मागच्या पट्ट्याला धरून. रुग्णाच्या खोलीबाहेर आल्यावर सगळ्यात शेवटी मास्क, तोही समोरून न धरता. खालचा पट्टा आधी, वरचा नंतर. प्रत्येक टप्प्यावर सॅनिटायझर २०-३० सेकंद, शेवटी साबणानं हात ४०-६० सेकंद. वॉर्डात काढणाऱ्याकडे बघायला दुसरं कुणी असलं की चुका कमी होतात, कारण दमलेल्याला स्वतःची चूक दिसत नाही.

एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच कामाचा. बाबा, तुमचा चष्मा वाफेनं धुरकट होत असेल तर हवा नाकाच्या बाजूनं निसटतेय. वरची तार दाबून बसवा. दाढी वाढली की कडेनं फट राहते. वाल्व असलेला मास्क घेऊ नका, त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो.

ती घरी आली की चपला दाराबाहेर, कपडे साध्या साबणाच्या पाण्यात आणि मग उन्हात. एवढं पुरे. तिच्या अंगावर कसलीही फवारणी करू नका. डोळे आणि त्वचा जळते, आणि नाकातल्या विषाणूला त्यानं काही होत नाही. फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीच एकत्र करू नका, ब्लीचिंग आणि ॲसिड मिळून क्लोरीन वायू निघतो. आई, हे खास तुझ्यासाठी.

उन्हाळ्यात आपला खिडकीतला कूलर उपयोगीच आहे, तो बाहेरची हवा आत ढकलतो. पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीतला एसी तीच हवा फिरवत राहतो.

ताप आला तर तिच्याकडून जिन्यातच गोळ्या लिहून घेऊ नका. इंटर्नची नोंदणी तात्पुरती असते. ती वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करते, स्वतंत्रपणे नाही. तिला नकार द्यायला अवघड जाईल आणि तो भार तिच्यावर टाकणं बरोबर नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा.

कोरोनात स्टेरॉइडनं जीव वाचतो हे २०२०च्या चाचणीत दिसलं, पण ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत; डेक्सामेथासोन रोज ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा दिसला नाही. उलट साखर वाढते, आणि २०२१मध्ये काळ्या बुरशीचे रुग्ण किती आले ते नागपूरनं पाहिलंय. बाबांना मधुमेह आहे, म्हणून कुणी सांगितलं तरी औषधाच्या दुकानातून ती गोळी आणू नका. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, बोटाला लावताना ५ मिनिटं शांत बसा, हात गरम ठेवा, नखाला रंग किंवा मेंदी नको. आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट द्या. पडद्यावर दोन आकडे असतात. ऑक्सिजनचा एसपीओटू लिहिलेला, दुसरा नाडीचा. विश्रांतीत ऑक्सिजन ९४च्या खाली गेला, किंवा खोलीत ६ मिनिटं चालल्यावर ३-४ अंकांनी उतरला, तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. बसल्या जागीच दम लागत असेल तर चालून बघायचं नाही.

काम झालं की यंत्रातले सेल काढून ठेवा. आत राहिले तर गळतात, आणि नेमक्या वेळी यंत्र सुरू होत नाही.

तुमची,
लेक