मायच्या डोळ्याला साठपैकी सहा मार्क

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नेत्र शिबिराची बातमी आली, दीपप्रज्वलन कोणी केलं, आभार कोणी मानले सगळं होतं, पण डोळा तपासतात म्हणजे करतात काय हे एका ओळीतही नव्हतं, म्हणून लिहितो.

दिवाळीनंतर आमच्याही गावात शाळेच्या व्हरांड्यात शिबिर झालं. माय कापूस वेचणी सोडून गेली आणि कागद घेऊन आली, दोन्ही डोळ्यांपुढे ६/६० लिहिलेलं. आमचा बारक्या म्हणे, आजी तू नापास, साठपैकी सहाच मार्क! सगळे हसले पण मायचं तोंड उतरलं. शेजारचे काका त्याहून पुढचे, म्हणे चष्म्याचा नंबर साठ निघाला, आता काही खरं नाही.

आता हे मार्क पण नाहीत आणि चष्म्याचा नंबर पण नाही. वरचा सहा म्हणजे आपण अक्षरांच्या तक्त्यापासून सहा मीटरवर बसलो, खालचा साठ म्हणजे जे अक्षर आपल्याला सहा मीटरवरून जेमतेम दिसलं ते चांगल्या डोळ्याचा माणूस साठ मीटरवरून वाचतो. म्हणून तर ६/५ हे ६/६ पेक्षा भारी, मार्कांच्या हिशोबात उलटंच. १८६२ मध्ये हॉलंडच्या स्नेलन नावाच्या डॉक्टरनं हा तक्ता काढला, त्यात ६/६ च्या ओळीचं अक्षर जवळपास पावणेनऊ मिलिमीटर उंच असते आणि सगळ्यात वरचं त्याच्या दहापट.

माय शाळेत गेलीच नाही. बचत गटात सही शिकली तेवढीच अक्षरं येतात, आणि वरचं मोठं अक्षर नेमकं तिच्या सहीतलं निघालं, ते तिनं सांगितलं. खालची तिला दिसत होती हो, ओळखता येत नव्हती! शिबिरात तपासणाऱ्या पोरानं विचारलं आजी हे काय, माय म्हणे नाही समजत बाप्पा, अन् त्यानं लिहून टाकलं ६/६०. आपल्याकडं आधी चष्मा लावूनही चांगल्या डोळ्यानं ६/६० च्या खाली दिसलं तर अंध धरत, २०१७ पासून ती रेघ ३/६० वर आणली. म्हणजे जुन्या हिशोबानं माही माय अंधाच्या उंबरठ्यावर, अन् तीच माय बांधावरून गडी बिडी पेटवते ते ओळखते.

मग तालुक्याला डॉक्टरकडं नेलं. तिथं ई चा तक्ता होता, ई चे दात कोणीकडं आहेत ते फक्त हातानं दाखवायचं. मायनं चार बोटं पसरली अन् वर, खाली, डावीकडं करत पटापट दाखवलं. उजवा ६/१८, डावा ६/१२. मग बारीक छिद्राच्या पट्टीतून पाहायला लावलं तं दोन्ही ६/९ वर आले, डॉक्टर म्हणे छिद्रातून सुधारलं म्हणजे बहुतेक चष्म्यानंच भागेल. तुरीतले खडे दिसत नाहीत ते वेगळं, जवळचं वेगळ्या कागदावर तपासतात, तिथं अक्षराच्या आकारानुसार एन ६, एन ८ असं लिहितात.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन शाळेत गेलो. तक्ता टांगला तो खिळा ते बसवलं ती खडूची रेघ, चार मीटर! सहाचा तक्ता चारवर लावला तर अक्षर सोपं होते, म्हणजे ज्यांना ६/१२ मिळाले त्यांचे खरे ४/१२, म्हणजेच ६/१८. ते खुशीत घरी गेले, चष्मा लागत असूनही. चष्म्याच्या दुकानात जागा कमी असली की तीन मीटरवर आरसा लावून सहा पूर्ण करतात, इथं तेही नव्हतं.

साहेब, पुढच्या शिबिराची बातमी आली की खाली दोन ओळी टाका, वाचता येत नसेल तर ई चा तक्ता मागा आणि रेघ टेपनं मोजून घ्या. टेप नसला तर मी सहा मीटरवर गाठ मारून सुतळी घरी ठेवली आहे, शिबिरवाल्यांनी न्यावी, फक्त परत आणून द्यावी.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ