मुक्ता इथेच राहील

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई “बरं बरं” म्हणून पावसाचं बोलू लागते, म्हणून लिहिते आहे. मुक्ताला चिपळूणला पाठवत नाही. १५ जूनपासून पाळणाघर. पैसेही भरून झाले. तुमच्याकडे तिची आबाळ झाली असती असं मुळीच नाही, लाडच झाले असते. आईचे गुडघे आणि बाबांचं बीपी ही कारणं खरीच, पण मुख्य कारण तिचं वय.

ती दहा महिन्यांची आहे. सात-आठ महिन्यांपासून मूल आपलं माणूस धरून बसतं, आणि दीड वर्षापर्यंत ताटातूट फार जड जाते. रोजचं माणूस कित्येक दिवस दिसलं नाही की मूल आधी आकांत करतं, मग मलूल होतं, मग गप्प. आपण म्हणतो, रुळली. रुग्णालयात एकटी ठेवलेली मुलं पाहून ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या सुमारास हे मांडलं. आई परत आली तर अशी मुलं तोंड फिरवायची.

आता हे वाचून लहानपणी मला दापोलीला ठेवलंत, ती दोन वर्षं उकरत बसू नका. मला तिथे आजी होती. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ १९५४ मध्ये युगांडात गेल्या, तिथेही बाळं आईखेरीज घरातल्या इतरांना बिलगलेली त्यांना दिसलीच. शिवाय पहिल्या वर्षात सगळं ठरून जात नाही. अमेरिकेत मिनेसोटात संशोधकांनी १९७५ पासून मुलं मोठी होईपर्यंत पाहिली: सुरुवातीचा भरवसा पुढे मैत्रीत, रुसवे काढण्यात कामी येतो, पण घरची परिस्थिती पालटली की तोही कमी-जास्त होतो. आई, ते सोड गं आता.

पाळणाघरात तिला एकच ताई सांभाळणार. बर्लिनमधल्या पद्धतीनं सवय करायची: पहिले तीन दिवस मी तासभर तिथेच बसायचं, सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी टाटा करून बाहेर, फार तर अर्धा तास. ताईंनी घेतल्यावर काही मिनिटांत शांत झाली तर वेळ वाढवायची. नाही तर लगेच परत, आणि पुढचे काही दिवस सोडायचंच नाही. चौथा दिवस सोमवारी येऊ देत नाहीत, सुट्टीत मूल पुन्हा घरात रमलेलं असतं. आणि बाबा, “तो बघ काऊ” म्हणून मागच्या मागे सटकायचं नाही! मग मूल खेळणं सोडून दाराकडेच बघत बसतं.

जुलैत दोघंही या. कमोड आहे, लिफ्ट आहे, बाबांना फिरायला बाग समोरच. आल्या आल्या तिला उचलू नका. आईनं खुर्चीत, बाबांनी सतरंजीवर बसायचं, हातात वाटी-चमचा, नजर भलतीकडे, येते तीच. रडली तर मनाला लावून घेऊ नका, नव्या चेहऱ्याची भीती या वयाचीच. तोवर रोज साडेसहाला व्हिडिओ कॉल, पाचच मिनिटं, रोज तेच गाणं. आई, तुझ्या नेसत्या साडीचं दुपटं न धुता पाठव, तुझा वास ओळखीचा होऊ दे.

बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. एसटीनं येऊ नका, आईला कुंभार्ली घाट लागतो. सुहास गाडी घेऊन येईल, सकाळीच निघा.

तुमची,
माई