काळ्या वाटेचा शब्द

ती. बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

समोरासमोर बोलले असते तर तुम्ही ‘पुरे गं’ म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

करवीर नगर वाचन मंदिरात आपली गाठ पडली, तेव्हा माझ्या एका हातात ‘ययाति’ होती आणि दुसऱ्या हातात गाईड. मराठीत नापास झाले होते. देवयानी अहंकारी, शर्मिष्ठा त्यागी, आणि ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, एवढंच पाठ. खांडेकर याच कोल्हापुरात राहिले, आणि त्यांची 1959 ची कादंबरी मी गाईडमधून वाचत होते!

तुम्ही म्हणालात, “गोष्ट तिघांच्या तोंडून आहे. जो बोलतोय त्याच्या शेजारी जाऊन बस की.” ययातीच्या तोंडून ऐकून मी देवयानीचा राग धरला होता. तिच्या शेजारी बसल्यावर कचानं नाकारलेली पोर दिसली.

पण खरं ऋण महाभारतातल्या त्या श्लोकाचं. तुपानं आग विझत नाही, भडकते. तशी भोगानं वासना वाढते, असं ययाती म्हणतो. एवढा अर्थ मला लागला होता. तुम्ही ‘कृष्णवर्त्मा’पाशी थांबलात. “आगीला इथं ‘काळ्या वाटेची’ का म्हटलंय?” मला सुचेना. मग विचारलंत, “ऊस गेल्यावर पाचट पेटवता ना? दुसऱ्या दिवशी रान कसं दिसतं?”

आमचा पंचगंगेकाठचा तुकडा डोळ्यांपुढं आला. आग बांधापर्यंत जाऊन विझलेली, मागं सगळं काळंभोर. चाललं की राख चुरचुरते, टाचांच्या भेगांत बसते, घासूनही निघत नाही. पोटच्या पुरूचं तारुण्य मागून घेऊन हजार वर्षं भोगलेला बाप मागं वळून असं रान बघत होता. त्याची सगळी शरम त्या एका शब्दात होती. मला रडू आलं. तुम्ही काही न बोलता पाण्याची बाटली पुढं सरकवलीत.

पेपर पुढं सुटला. आता शिकवणीच्या मुलांना अलंकाराचं नाव मी शेवटी विचारते. आधी विचारते, हे कोण बोलतंय, आणि त्याला आत्ता काय दिसतंय?

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डोळ्यांना ताण देऊ नका. रविवारी येते. शर्मिष्ठेचा भाग राहिलाय. मी मोठ्यानं वाचते, तुम्ही ऐका.

तुमची विद्यार्थिनी,
कोल्हापूर